डी ड्राइव्हचे जहागीरदार

कोणत्याही ऑफिसात विचारा, 'मार्च २०१९चा तो मेल कुठे आहे?' उत्तर ठरलेलं: 'काकांच्या मशीनवर.' काका म्हणजे अकाउंट्सचे काका. कंपनीचा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या डी ड्राइव्हमध्ये, 'जुने मेल फायनल नवीन २' नावाच्या फोल्डरात सुखानं नांदतो. काका रजेवर गेले की कंपनीची स्मरणशक्तीही रजेवर जाते.

मेल सर्व्हरवर ठेवायचा की मशीनवर उतरवून घ्यायचा, हा वाद आयटीवाले 'पॉप की आयमॅप' असा मांडतात. पॉप १९८४ सालचा. तेव्हा फोनची लाइन महाग, म्हणून मेल उतरवा, सर्व्हर रिकामा करा, फोन ठेवा. विदेश संचार निगमच्या डायल-अपवर इंटरनेट शिकलेल्या आपल्या पिढीला हे शहाणपण लगेच पटलं. आयमॅप १९८६चा, स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी रचलेला. मेल सर्व्हरवरच राहील, तुम्ही हव्या त्या मशीनवरून बघा. आता लाइन स्वस्त झाली, मेल फोनवर आला, तरी काका उतरवूनच घेतात. कारण प्रश्न तंत्राचा नाहीच, ताब्याचा आहे. जुने मेल ज्याच्याकडे, त्याला बढती न मिळो; पण त्याची बदली करायची कुणाची छाती आहे?

या जहागिरीची तटबंदी म्हणजे उतरवलेले मेल साठवणारी आउटलुकची पीएसटी फाइल. जुन्या आवृत्त्यांत ती २ जीबीला टेकली की कोलमडायची. आता मर्यादा ५० जीबी, म्हणजे एका फटक्यात बुडणारा ऐवज पंचवीसपट. ही फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरातून चालवू नका, असं मायक्रोसॉफ्ट कधीपासून बजावतंय. आपल्याकडे ती नेमकी तिथंच असते. मग एका सोमवारी ती उघडत नाही. आयटीचा पोरगा दुरुस्तीचं टूल लावतो. आठ टप्पे. तिसऱ्या टप्प्यावर हिरवी पट्टी अडकते, काका कुलदैवताला साकडं घालतात आणि साहेब विचारतात, 'बॅकअप आहे ना?' आहे की. त्याच डी ड्राइव्हमध्ये.

सर्व्हरवाल्यांनी मात्र लगेच मिशीला पीळ देऊ नये. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघानं नायरा एनर्जीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टनं या मुंबईच्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. वाडीनारची रिफायनरी गुजरातेत, कंपनी भारतीय, निर्बंध ब्रसेल्सचे. आणि कर्मचाऱ्यांना स्वतःचाच मेल उघडेना. कंपनीनं दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं आणि महिनाअखेर सेवा परत आल्या. काकांची मनधरणी निदान चहावर तरी भागते.

आयमॅपलाच बॅकअप समजणारे तर आणखी थोर. फोनवर अंगठा चुकीचा फिरला की मेल सर्व्हरवरून उडतो आणि लॅपटॉपवरूनही. तीन ठिकाणी दिसतो म्हणून त्याच्या तीन प्रती होत नाहीत. गुगललाही हा धडा मिळालाय. फेब्रुवारी २०११मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे जीमेलची सुमारे ०.०२ टक्के खाती रिकामी दिसू लागली. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पोचली. मेल परत आले ते चुंबकीय टेपवरून. आपण जिला भंगारात काढलं, त्या टेपनं गुगलची अब्रू राखली. कारण ती कशालाच जोडलेली नव्हती.

तेव्हा मूळ प्रत सर्व्हरवर, कंपनीच्या नावावर. दुसरी प्रत त्या सर्व्हरवाल्याचा हात पोचणार नाही अशा जागी, तीही कंपनीच्याच ताब्यात. आणि वर्षातून एकदा त्या दुसऱ्या प्रतीतून एखादा जुना मेल खरोखर काढून दाखवायचा. नुसतं 'आहे, आहे' चालणार नाही.

साहेब म्हणतील, हे बजेटमध्ये बसत नाही. बसेल. जीएसटीची नोटीस टेबलावर पडेल आणि पार्टीनं ऑर्डर रद्द केल्याचा जुना मेल शोधायची वेळ येईल, त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच बसेल.