साडेसहाचा उमेदवार

ज्या घरातल्या फ्रिजवर 'ॲकॉमोडेशन' हा शब्द दोन सी आणि दोन एम घालून, लाल स्केचपेननं लिहून चिकटवलेला दिसेल, त्या घरात आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा उमेदवार आहे असं खुशाल समजावं. शेजारी 'गव्हर्नमेंट' असेल आणि त्यातल्या मधल्या एनखाली दोन रेघा मारलेल्या असतील, तर परीक्षा महिन्यावर आली आहे. असल्या घरात पाहुण्यांनी फार वेळ बसू नये. चहा मिळतो, पण चहाबद्दलचं आपलं मत दोन मुद्द्यांसह द्यावं लागतं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असा एक आहे. वय सत्तावीस. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, मग चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. आता त्याला मेलबर्नला मास्टर्स करायचं आहे. तिथल्या विद्यापीठाला नवांपैकी सरासरी साडेसहा बँड हवेत आणि चार पेपरांपैकी एकातही सहाच्या खाली चालणार नाही. या आकड्याचा इतका गजर झाला, की त्याचं पाळण्यातलं नाव मागं पडलं. 'साडेसहा घरी आहेत का?' असं कुरिअरवालाही विचारतो. क्लासच्या सरांनी तर 'साडेसाताचं लक्ष्य ठेव, म्हणजे साडेसहा पदरात पडतील' असं सांगितलंय. घरात उठता-बसता 'साडेसात, साडेसात' कानावर पडल्यामुळे आजीनं दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ सुरू केली आहे.

याला इंग्रजी येत नाही म्हणून हे सगळं चाललंय, असं समजू नका. कारखान्यात त्याचं दिवसभर इंग्रजीच चालतं. जर्मनीहून आलेल्या साहेबांशी 'धिस बोअर ओव्हरसाइज, टुडे फुल लॉट रिजेक्ट' एवढ्यावर तो सगळा कारभार उरकतो. साहेबांचं इंग्रजीही त्याच घाटाचं असल्यामुळे दोघांचं छान जमतं आणि यंत्रं चालतात. ई-मेलच्या शेवटी तो 'काइंडली डू द नीडफुल' लिहितो आणि समोरचा ते नीडफुल करतोही. पण विद्यापीठाला कागद लागतो. त्या कागदाची फी सतरा-अठरा हजार रुपये. टोफेल नावाची परीक्षा १९६४ पासून आहे, आयेल्ट्स सध्याच्या नावानं १९८९ पासून आहे, शिवाय यंत्रानं तपासायची पीटीई आहे आणि घरी बसून द्यायची ड्युओलिंगोही आहे. यातली कुठली सोपी, यावर बाबांनी इमारतीच्या गच्चीत एक परिसंवाद घेतला होता. ज्यांनी एकही दिलेली नव्हती, ते सगळ्यात जास्त बोलले.

लिसनिंगच्या पेपरात गोष्ट एकदाच ऐकवतात. कुणी बाई फोनवरून कसलीशी खोली आरक्षित करत असते. ती आधी 'ट्यूजडे' म्हणते, मग 'ओ नो, सॉरी, थर्सडे' म्हणते. आपला गडी ट्यूजडे लिहून मोकळा झालेला असतो. गंमत म्हणजे त्याच्या आईचा या प्रकारात हात धरणारं कुणी नाही. मावशी फोनवर 'मंगळवारी येते' म्हणते, मग 'अगं, मंगळवारी कशी येऊ, अंगारकी आहे, बुधवारी येते... थांब, बुधवारी पाण्याच्या टाकीवाला यायचाय' म्हणते. आई मेथी निवडत, कुकरच्या शिट्ट्या मोजत, टीव्हीवरच्या मालिकेकडे एक कान ठेवून गुरुवार बरोबर पकडते आणि तिसऱ्या शिट्टीला गॅसही बंद करते. तिला हेडफोन लावून बसवलं तर साडेआठच्या खाली येणार नाही. पण तिला मेलबर्नला जायचं नाही.

खरी गोची आहे ती रीडिंगमध्ये. तासाभरात तीन लांबलचक उतारे आणि चाळीस प्रश्न. उतारे कशावरही असतात. कासवांचा इतिहास, बाटलीचं बूच. जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं वाचून वाचून साडेसहाला पोर्तुगालच्या बुचाच्या झाडाबद्दल इतकं ज्ञान झालंय, की चुलतबहिणीच्या साखरपुड्यात त्यानं मुलाकडच्या मंडळींना या झाडाची साल साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात, हे समजावून दिलं. मुलाच्या काकांनी विचारलं, 'बरं, मग?' याला पुढचं माहीत नव्हतं. उतारा तिथंच संपला होता.

तर या पेपरात एक प्रश्न असतो. विधान दिलेलं असतं आणि ते उताऱ्याप्रमाणे 'ट्रू', 'फॉल्स' की 'नॉट गिव्हन', ते सांगायचं. एका रविवारी त्याचा असाच एक उतारा घरात सार्वजनिक झाला. कुणी प्राध्यापिका पक्ष्यांच्या अभ्यासासाठी एका बेटावर जाऊन दोन वर्षं राहिली. विधान होतं, बाई बेटावर एकट्या राहत होत्या. साडेसहानं 'ट्रू' लिहिलं. नवऱ्याचा उल्लेख कुठंच नाही, म्हणजे एकट्याच असणार. बाबांनी 'फॉल्स' सांगितलं. सरकारी कामावर एकट्या बाईला पाठवतील होय, शिपाई तरी असेलच. आजीला मराठीत सांगितल्यावर ती म्हणाली, 'नवऱ्याशी पटत नसणार, त्याशिवाय दोन वर्षं कोण पक्षी बघत बसतंय?' उत्तर होतं 'नॉट गिव्हन'. घरात कुणालाच ते पटलं नाही आणि मला विचाराल तर पटणारही नव्हतं. आपल्याकडे 'दिलेलं नाही' अशी सोयच कुठं असते? समोरच्या इमारतीतली मुलगी रात्री अकराला रिक्षातून उतरली, एवढी एक ओळ मिळाली की पुढचा तीन पानी उतारा आपण पहाटेच्या दुधापर्यंत तयार करतो. ज्या समाजात रिकाम्या जागा भरल्याशिवाय झोप येत नाही, तिथल्या मुलाला ही जागा तशीच सोडून दे म्हणणं म्हणजे संस्कारांवरच घाला आहे.

रायटिंगचं दुखणं वेगळं. पहिल्या भागात आलेख देतात. त्यात काय दिसतंय ते दीडशे शब्दांत सांगायचं, कारण सांगायचं नाही. चहा-कॉफीच्या खपाचा आलेख आला तेव्हा त्यानं चहा का घटला, तर लोकांना ॲसिडिटी होते म्हणून, असं लिहिलं. सरांनी वाक्यावर काट मारली. दुसऱ्या भागात अडीचशे शब्दांचा निबंध. मुलांना शिक्षा करावी का, शहरात खासगी गाड्यांवर बंदी घालावी का, तुम्ही कितपत सहमत आहात? इथं गडी ठप्प होतो, आणि याचं कारण इंग्रजी नाही. पाचवीपासून त्यानं 'कारणे द्या' लिहिली, 'टीपा लिहा' लिहिल्या, 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहिलं, इंजिनिअरिंगला सिद्धता पाठ केल्या. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न त्याला शाळेत कुणी विचारला नाही, कॉलेजात तर नाहीच. घरात मत असतं, पण ते बाबांचं असतं. सत्ताविसाव्या वर्षी, चाळीस मिनिटांत, परक्या भाषेत पहिल्यांदा स्वतःचं मत तयार करायचं म्हणजे थोडा वेळ लागणारच.

क्लासच्या सरांनी त्यावर तोड काढली आहे. मत तयार मिळतं. क्लासच्या बाहेर '७+ बँडची खात्री' असा फलक आणि गळ्यात हार घातलेल्या मुलांचे फोटो आहेत. सर स्वतः बेळगावच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण टोरांटोत तळघरातली खोली स्वस्त पडते हे ते डोळे मिटून सांगतात. विषय कुठलाही असो, निबंध 'इन धिस डे अँड एज' असा सुरू होतो, दुसऱ्या परिच्छेदात 'डबल-एज्ड स्वोर्ड' निघते आणि तिसऱ्यात 'प्लेथोरा' येतो. प्लेथोरा आला की सरांच्या मते अर्धा बँड वाढतो. साडेसहानं हा शब्द इतका मुरवून घेतलाय की परवा पार्किंगच्या वादात त्यानं सेक्रेटरींना 'देअर इज अ प्लेथोरा ऑफ ॲक्टिव्हाज' असं सुनावलं. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे स्पीकिंग. परीक्षक समोर बसतात, एक कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटं. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत वाढलेल्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो' इथंच संपतात. बरं, कार्डावर विषय काय? तुम्हाला आवडलेल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीविषयी बोला. तुम्हाला मिळालेल्या भेटवस्तूविषयी बोला. पाण्याजवळच्या एखाद्या जागेविषयी बोला. आता पुण्यातल्या माणसानं मुठा नदीविषयी खरं बोलायचं ठरवलं तर नाकावर रुमाल धरूनच बोलावं लागेल.

इथंही सरांनी तोड काढली आहे. एकच आजोबा घ्यायचे. हे आजोबा निवृत्त मुख्याध्यापक आहेत, पहाटे उठून झाडांना पाणी घालतात, दर रविवारी सिंहगड चढतात आणि नातवाला गोष्टी सांगतात. वृद्ध व्यक्ती आली, आजोबा. भेटवस्तू आली, तर आजोबांनी दिलेलं घड्याळ. प्रवास, आजोबांबरोबर कोकण. पाणी, आजोबांनी शिकवलेलं पोहणं. या आजोबांवर क्लासची अख्खी बॅच पोसली जाते. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, एकाच परीक्षकासमोर ते सिंहगडावर किती वेळा चढत असतील याची कल्पना करा. परीक्षक लोक पाठ केलेलं लगेच ओळखतात आणि पुढच्या भागात 'तुमच्या देशात वृद्धांची जागा कशी बदलते आहे?' असं आडवळणानं विचारतात. तिथं आजोबा उपयोगाला येत नाहीत.

साडेसहाचे खरे आजोबा घरातच आहेत. एसटीत कंडक्टर होते, आता आरामखुर्चीत असतात. बोलतात फार कमी. 'आलास?' आणि 'जेवलास?' एवढ्यात त्यांचा दिवस भागतो, त्यामुळे त्यांच्यावर दोन मिनिटं बोलणं कुणालाही कठीणच. एका संध्याकाळी हा मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत होता. आजोबांना इंग्रजी कळत नाही, पण 'माय ग्रँडफादर' तेवढं कळलं. त्यांनी खूण करून विचारलं, 'माझ्याबद्दल काय बोलतोयस?'

'तुम्ही मला घड्याळ दिलंत, असं सांगतोय.'

'कधी?'

'दहावी झाल्यावर.'

आजोबा बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, 'दिलं असेल. एचएमटीचं का?' साडेसहानं मुकाट्यानं मुख्याध्यापकांच्या घड्याळाला एचएमटी जोडलं. सरांच्या साच्यात नसलेली ती एकमेव गोष्ट होती आणि माझ्या मते त्याला स्पीकिंगमध्ये जे काही मिळालं ते त्या एचएमटीवर मिळालं.

इकडे आत्यानं स्थळं बघायला सुरुवात केली आहे. पंजाबात मोगा-जालंधरकडे लग्नाच्या जाहिरातीत बँड छापतात. मुलगी सात बँडची असेल तर तिच्या परदेशी शिक्षणाचा खर्च मुलाकडचे उचलतात, असं तिनं कुठंतरी वाचलं. आपल्याकडे अजून पॅकेज आणि फ्लॅटवरच गाडी अडते, पण काळाच्या पुढे असावं म्हणून आत्यानं बायोडेटात 'नाडी : मध्य' याच्या खाली 'आयेल्ट्स : ६.५ अपेक्षित' अशी ओळ टाकली. दोन ठिकाणांहून हा कुठला आजार, अशी चौकशी आली.

परीक्षेच्या दिवशी आईनं हातावर दही-साखर ठेवलं आणि खिशात अंगाऱ्याची पुडी घातली. केंद्रावर पासपोर्ट आणि लेबल काढलेली पारदर्शक पाण्याची बाटली सोडली तर बाकी सगळं बाहेर ठेवायला लावलं. पुडीकडे तपासणाऱ्यानं संशयानं पाहिलं. साडेसहानं कपाळाला बोट लावून पुडी ठेवून दिली.

निकाल लागला. लिसनिंग ७, रीडिंग ६.५, स्पीकिंग ६, रायटिंग ५.५. बेरीज पंचवीस, भागिले चार, सव्वासहा. या परीक्षेत पाव सुटला की तो वरच्या अर्ध्याकडे ओढतात, म्हणजे सरासरी साडेसहा! बाबांनी पेढे आणले. तळमजल्यावरच्या काकांनी मोबाइलवर हिशेब करून 'नवांपैकी साडेसहा म्हणजे बहात्तर टक्के, डिस्टिंक्शन हुकलं' असा शेरा मारला. पेढ्यांचा दुसरा पुडा सोडताना आईनंच विचारलं, 'आणि हे साडेपाच कसले?' मग सगळ्यांना विद्यापीठाची दुसरी अट आठवली.

आता निव्वळ एक पेपर पुन्हा देण्याची सोय झाली आहे, साठ दिवसांच्या आत. साडेसहा पुन्हा टेबलाशी बसला आहे आणि रोज एका विषयावर स्वतःचं मत काढण्याचा प्रयत्न करतो आहे. परवा त्यानं बाबांना 'आय पार्शली डिसअग्री' म्हटलं. घरात दोन दिवस अबोला होता, पण निबंध चांगला झाला म्हणे.

तुमच्या इमारतीतही असा कुणी असेलच. त्याला 'किती पडले?' असं जिन्यात गाठून विचारू नका, टक्के काढून दाखवू नका आणि आपल्या भाच्याला पहिल्याच खेपेला आठ मिळाले होते हे तर मुळीच सांगू नका. संध्याकाळी त्याच्या खिडकीतून 'माय ग्रँडफादर' असं ऐकू आलं, तर एवढंच करा, दोन मिनिटं मिक्सर लावू नका.