आपत्तीचा सातबारा

तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी निवृत्त तलाठी असतो आणि निवृत्तीनंतरही सगळे त्याला भाऊसाहेबच म्हणतात. मी सांगतोय ते भाऊसाहेब आटपाडीचे. पण जरा डोळे उघडे ठेवलेत तर ते तुम्हाला जतला, विट्याला, म्हसवडलाही भेटतील.

उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या नुकसानीचे पंचनामे करण्यात घालवली. पीक वाळलं, भिंत पडली, वीज पडून म्हैस मेली, की भाऊसाहेब वही घेऊन हजर. रोज कुणाचं ना कुणाचं वाटोळं टेपनं मोजून झालं की माणूस एक दिवस स्वतःच्या घराकडे बघायला लागतो. भाऊसाहेबांनी बघितलं आणि एक पिशवी भरली.

निळ्या रेक्झिनची, दोन बंदांची ही पिशवी दाराआडच्या खुंटीला असते. पळताना उजव्या हाताला लागावी म्हणून तिथे. आत बॅटरी, सेल वेगळे काढून ठेवलेले. प्लॅस्टिकात गुंडाळलेली काडेपेटी, मेणबत्त्या, शिट्टी, वीस हात नायलॉनची दोरी, घडी घातलेली ताडपत्री, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, कापूस, पट्ट्या, छोटा रेडिओ, बिस्किटांचे पुडे आणि गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी. रेशनकार्डापासून लाईट बिलापर्यंत सगळ्याची झेरॉक्स. या झेरॉक्सचीही एक झेरॉक्स आहे, ती मेहुण्याकडे.

पिशवीला सातबारा आहे. खरोखरचा, रकाने आखलेला. बिस्किटांचे तीन पुडे कमी झाले तर फेरफार पडतो, त्याला नंबर मिळतो. कमी कुणी केले हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. तसं नाव लिहायचं म्हणजे चौकशी आली, म्हणून भाऊसाहेबांनी बिस्किटांच्या 'इतर हक्क' रकान्यात नातवाचं नाव लावून टाकलंय.

खरी कसरत पिशवी उघडायची कधी, याची. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर टंचाई आणि वर राहिली तर सगळं आबादीआबाद, या हिशेबात ज्याचा जन्म गेला तो माणूस संकटालाही पैसेवारीच लावणार. रात्री लाईट गेली. वहिनी चाचपडत म्हणाल्या, "आवो, ती बॅटरी काढा की." भाऊसाहेब अंधारातून म्हणाले, "ही अडचण आहे, आपत्ती न्हवं. साठ पैसे." वहिनींनी चिमणी लावली. शेजाऱ्याला विंचू चावला. दवाखाना जवळ आहे हे लक्षात घेता पैसेवारी पंचावन्न पैशांवर थांबली आणि हा निकाल बाहेर पडेस्तोवर शेजारी इंजेक्शन घेऊन घरी आला होता. नातवाला जुलाब लागले तेव्हा मात्र प्रकरण अठ्ठेचाळीसवर गेलं. पिशवीचं कुलूप निघालं, ओआरएसचं पाकीट बाहेर आलं. त्यावरची मुदत सहा महिन्यांपूर्वीच संपली होती. फेरफार पडला.

लोक हसतात. पण भाऊसाहेबांची अडचण समजून घेतली पाहिजे. टेंभूचं पाणी यायच्या आधी आटपाडीच्या माणसाला वेगळं संकट शोधावं लागत नव्हतं. पाऊस तोंड दाखवून जायचा आणि माणगंगेच्या पात्रात वाळूच वाळू. पाण्यासाठी इथे परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, नागनाथअण्णांच्या मागं म्हाताऱ्या बायासुद्धा चालल्या. शेवटी कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं गेलं, टप्प्याटप्प्यानं चढून इकडे आलं. तलावांत पाणी दिसायला लागलं, डाळिंबाच्या बागा वाढल्या. तालुक्याचा पिढीजात शत्रू जरा मागे सरला आणि भाऊसाहेबांसारखी अनुभवी माणसं बेकार झाली. दुष्काळ तोंडपाठ असलेल्या माणसानं आता घाबरायचं तरी कशाला?

त्यांनी भूकंप धरला. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा आणि 30 सप्टेंबर 1993चा किल्लारीचा, दोन्ही पहाटेचे. त्यावरून निष्कर्ष असा निघाला की भूकंप पहाटे होतो. तेव्हापासून ते पहाटे तीनला उठून पिशवीशेजारी बसतात. सहा वाजता धोका टळला की झोपतात. वहिनींच्या मते पूर्वी ते उशिरा उठायचे, आता उशिरा झोपतात, एवढाच फरक.

गलाईवाल्या पाहुण्यांनी यात भर घातली. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पांगलेली. त्यामुळे कुठेही काही झालं तरी फोन इकडे येतो. 2015ला चेन्नईत पाणी भरलं, तिथल्या चुलतभावाची पासबुकं भिजली, पिशवीत प्लॅस्टिकचं पाकीट आलं. 2018ला केरळातल्या भाच्यानं शिट्टीचं महत्त्व सांगितलं, शिट्टी आली. शिट्टी चालते का हे बघायला त्यांनी ती भर दुपारी वाजवली तेव्हा गल्लीतून एसटीचा एक निवृत्त कंडक्टर सवयीनं धावत बाहेर आला.

7 मे 2025ला देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. टॉर्च, मेणबत्त्या, औषधं, रोख पैसे जवळ ठेवा, अशा याद्या मोबाईलवर फिरायला लागल्या. भाऊसाहेबांकडे ते सगळं आधीपासून होतं. पुण्या-मुंबईची माणसं मेणबत्त्यांसाठी धावताहेत हे ऐकून त्यांना जे सुख झालं, ते पेन्शनच्या फरकानंही झालं नसेल. फक्त तालमीच्या यादीत सांगली जिल्हाच नव्हता. उरण आहे, मनमाड आहे, सिन्नर आहे, आपण नाही. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांचं घरातच हसं झालं. अमेरिकेतली यादी सांगते, माणशी दिवसाला चार लिटर, असं तीन दिवसांचं साठवा. पाच माणसांचे साठ लिटर. भाऊसाहेबांनी हा आकडा गंभीरपणे वाचून दाखवला. वहिनी परसात दोन बॅरल, एक टाकी आणि ओळीनं मांडलेले हंडे यांच्यामध्ये उभ्या होत्या. "साठ लिटर? त्येवढ्यात माझी भांडी होत्यात." त्यात टँकरचा सरकारी हिशेबसुद्धा माणशी वीस लिटरचा. ज्या गोष्टीला परदेशात पूर्वतयारी म्हणतात तिला आटपाडीत नुसतं पाणी भरणं म्हणतात, हे भाऊसाहेबांना मान्य करावं लागलं. सातबाऱ्यातला पाण्याचा रकाना रेघ मारून बंद झाला.

शनिवारच्या बाजारात मेंढरं घेऊन आलेला एक ओळखीचा धनगर घरी चहाला टेकला. भाऊसाहेबांनी त्याला पिशवी उलगडून दाखवली. त्यानं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "भाऊसाब, ह्यात कोंबडी कुठं हाय?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मेंढरामागं निघणाऱ्या बिऱ्हाडाचं घोडं बघा. घोंगडी, पाल, वाघर, भांडी, तवा, पिठाची पिशवी, चालून दमलेलं कोकरू आणि सगळ्यांच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या. पाऊस दडी मारो नाहीतर चारा संपो, सकाळी घोडं लादलं की दुपारी घर दुसऱ्या शिवारात. हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. त्याला कुलूप नाही, फेरफार नाही, आणि ते अंडीही देतं. भाऊसाहेबांनी कोंबडीवर आठवडाभर विचार केला. सजीव मालमत्तेला नमुन्यात रकाना नव्हता म्हणून विषय तहकूब झाला.

आता त्या पुरचुंडीबद्दल. गूळ-शेंगदाणे दर दोन महिन्यांनी बदलतात. जुने ते स्वतः खातात, नातवालाही देत नाहीत. बिस्किटांत नातवाला हक्क आहे, यात नाही. 1972च्या दुष्काळात ते अकरा-बारा वर्षांचे होते, आई खडी फोडायला जायची आणि ते बरोबर. कामावर सुकडी मिळायची, घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. एवढं ते सांगतात आणि मग रेडिओचे सेल तपासायला लागतात.

पन्नास पैशांच्या खऱ्याखुऱ्या आतली आपत्ती त्यांच्या वाट्याला एकदाच आली, ऑगस्ट 2019ला, आणि तीही सांगलीत. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, गावभागात राहणारी लेक सासरच्या माणसांसकट आटपाडीला आली. भाऊसाहेबांनी दारातच पैसेवारी जाहीर केली: शून्य. कुलूप उघडलं. ताडपत्री अंथरली, क्लोरीनच्या गोळ्या मांडल्या, शिट्टी व्याह्यांच्या हातात दिली. जावई ओल्या पँटनं उभे होते. म्हणाले, "मामा, चार्जर आहे का?"

चार्जर नव्हता. व्याह्यांना रक्तदाबाची गोळी हवी होती, विहीणबाईंना बिनसाखरेचा चहा, नातीला कोरडा फ्रॉक. गल्लीनं तासाभरात ते सगळं पुरवलं, वर भाकरीची चवड आणि वांग्याचं कालवण. तालुक्याच्या पूर्व भागात तेव्हा जनावरं छावणीत होती आणि वाड्यावस्त्यांवर टँकर चालू होते. पाण्यातून उठून आलेले व्याही दुसऱ्या दिवशी रिकाम्या टँकरकडे बघत म्हणाले, "अजब जिल्हा आहे. तिकडं जाईना, इकडं येईना."

चार्जर आता पिशवीत आहे. दोन प्रकारच्या पिनांचा, रीतसर नोंदलेला. नातू रोज रात्री तो काढतो आणि पहाटे तीनच्या आत परत ठेवतो, अशी त्यांची आपसात तडजोड आहे.

परवा वहिनींना सांडगे-कुरडयांच्या वाळवणावर कापड ताणून बांधायला दोरी हवी होती. भाऊसाहेबांनी अर्ज मागितला. "लेखी द्या. नोटीस काढतो, कुणाची हरकत असंल तर पंधरा दिवसांत येईल."

"आणि कुरडया?"

"त्या वाळतील तोवर."

दोरी गच्चीवर आहे. भाऊसाहेबांनी खाली ओसरीत बसून अतिक्रमणाची नोंद घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कब्जेदार सौ.