घरात कुणी आजारी नसताना मोसंबी!

गेल्या जुलैत मुळशीतल्या रिह्याला मावशीकडे गेले आणि मला चहा मिळाला नाही. हो, चहा! पौड रस्त्याची ती वाहतूक सोसून, घोटावडे फाट्यावरून आत वळून, भिजत आलेल्या पाहुणीला सकाळी साडेआठ वाजता चहा नाही. समोर आला काचेचा उंच पेला. आत कोमट पाणी, तळाशी मध, आणि कडेला खाच पाडून अडकवलेली लिंबाची चकती. "ताई, आधी हे घ्या. चहा अर्ध्या तासानं," असं म्हणून सूनबाई आत गेली. मी मावशीकडे पाहिलं. जिच्या चुलीवरून उभ्या जन्मात चहाचं पातेलं उतरलं नाही, ती मावशी निमूटपणे चकती चावत होती. सालासकट.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? अहो, आमच्या लहानपणी या आंबट घराण्याचे नियम ठरलेले होते. एका लिंबाच्या चार फोडी, चार पानांना चार. पोह्यांवर पिळायला नंतर मागितली तर "मागाशी दिली ना?" असं ऐकायचं. संत्रं थंडीत, तेही भावंडांत फोडी मोजून. आणि मोसंबी? मोसंबी हे फळ नव्हतंच, ते औषध होतं. कुणाच्या हातात मोसंब्यांची जाळी दिसली की शेजारीण दारातूनच विचारायची, "कोण ॲडमिट आहे हो?" धडधाकट माणसानं रस प्यायचा म्हणजे निदान उपोषण तरी सोडायला हवं. 1932 साली आपल्या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेतला, पण त्याआधी सहा दिवस पोटात अन्न नव्हतं! आणि इथे रात्री मटणावर ताव मारून सकाळी उठून डिटॉक्स.

हे वेड एकट्या रिह्याचं नाही, हे मात्र कबूल करायला हवं. मावशीच्या नातवानं मोबाइलवर हिशेब करून दाखवला. 1991-92 साली देशात संत्री, मोसंबी, लिंबं सगळी मिळून सुमारे 28 लाख टन पिकायची. तेव्हाची लोकसंख्या साधारण 84 कोटी, म्हणजे माणशी सव्वातीन किलो. आता पीक गेलंय 1 कोटी 40 लाख टनांच्या घरात आणि माणसं 140 कोटी. माणशी दहा किलो! सडलेलं, फेकलेलं, सालपटं धरून असेल, पण तिप्पट ते तिप्पटच. लिंबात तर आपण जगात पहिले. या पापाचे धागेदोरे थेट मंत्रालयापर्यंत जातात: 1990 मध्ये महाराष्ट्र सरकारनं फळबाग रोजगार हमी योजनेला जोडली. खड्डा खणायची मजुरी सरकारची, कलमं सरकारी पैशांतून. मग काय, जालन्याकडे मोसंबी आणि विदर्भात संत्रा, बांधाला बांध लागून बागा उभ्या राहिल्या.

त्याचीच लागण मुळशीला झाली. मावशीच्या शेजारचा तुकडा पुण्याच्या एका साहेबांनी घेतला. आंबेमोहोराचं खाचर होतं, पाणी तुंबावं म्हणूनच बांध घातलेलं. त्यात साहेबांनी मोसंबी लावली! गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "बायपासचं ऑपरेशन करून आलेत बिचारे, दवाखान्याची सवय सुटली नसेल," असं मावशीचं म्हणणं. मी बांधावरून पाहिलं. घोटाभर पाण्यात झाडं उभी, पानं पिवळी, एका खोडाच्या साली फाटून त्यातून डिंक ओघळलेला, बोट लावलं तर चिकट. याला म्हणतात डिंक्या. जमिनीत पाणी मुरलं नाही की हा हमखास येतो. विदर्भातले बागाईतदार आंबिया बहार धरायचा तर थंडीत मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देतात. झाड तहानलं की फुलतं. मुळशीच्या पावसात झाडाला तहान लागायची कधी? साहेबांनी मात्र माळ्याला ठिबक बसवायला सांगितलंय. जुलैत!

बरं, एवढं उतू जाणारं पीक, तरी 2022 च्या एप्रिलमध्ये काय झालं आठवतंय ना? एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना. मिसळीबरोबर फोड मिळेना. उत्तर प्रदेशात शहाजहानपूरच्या बाजारातून म्हणे लिंबंच चोरीला गेली. कारण सरळ होतं. उन्हाळ्यात येणारं लिंबू हस्त बहाराचं, त्याला पावसाळा सरता सरता फूल येतं. 2021 मध्ये नको तेव्हा पाऊस झाला, फूल गळालं, उरलंसुरलं मार्चच्या उन्हानं करपवलं. मावशीनं त्या वर्षी दाराला नुसत्या मिरच्या टांगल्या होत्या. "दृष्ट काढायला आलेल्यांची नजर आधी लिंबावरच पडायची," म्हणाली.

आणि सर्वांत मोठी बेअब्रू तर मी येतानाच पाहिली होती. पिरंगुटला फळांच्या गाडीवर संत्री. आषाढात! एकेका फळावर स्टिकर, सगळी एका मापाची, मेण लावल्यासारखी चकचकीत. दक्षिण आफ्रिकेहून आलीत, गाडीवाला म्हणाला. तिकडे आता थंडी, म्हणून तिकडचा हंगाम. आपलं नागपुरी संत्रं कसं, ढिल्या अंगरख्याचं, नख लावलं की सुटणारं, 2014 पासून जीआय मानांकन मिरवणारं. पण बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत वाढवत 2023 मध्ये किलोला 88 रुपयांपर्यंत नेलं आणि त्याचं हक्काचं गिऱ्हाईक तुटलं. ते बिचारं मोर्शी-वरूडच्या बांधावर मातीमोल, आणि ही आफ्रिकेची पाहुणी पिरंगुटात दिमाखात. मी भाव विचारला आणि जीभ चावली.

नऊ वाजले. चहा आला. मी डोकावून पाहिलं तर दूध नाही. गवती चहा, आणि त्यात, देवा रे, परत लिंबू!

मावशीनं डोळ्यांनी खूण केली. "चल, तुला ईडलिंबू दाखवते," असं मोठ्यानं म्हणत ती मागच्या दारानं निघाली. मोरीपलीकडे उतारावर ते जुनं झाड उभं आहे, तिच्या आजेसासूबाईंनी लावलेलं म्हणून ती सांगते. फळं मुठीएवढी, जाड सालीची. कुणी त्याचं डिटॉक्स करत नाही, त्याचं फक्त लोणचं होतं. झाडाखाली पत्र्याच्या आडोशाला तीन दगडांची चूल होती आणि चुलीवर झाकलेलं पातेलं. आलं घातलेला, साय धरलेला, दुधाचा चहा!

उभ्या उभ्या दोन-दोन कप झाले. मावशीनं पदराच्या टोकातून काहीतरी काढून झाडाच्या बुंध्याशी टाकलं. सकाळची ती चकती होती, नुसते दात उमटलेली.

"कप इथंच विसळ," ती हळूच म्हणाली. "आत नेलास तर तिला वास येतो."