सक्तीची खुशाली

आप्पांची ओळख त्यांच्या वहीपासून करून द्यावी लागते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, सुतळीनं पेन बांधलेली. शेळगावात बावीस एकर बागायत, दारात पांढरी फॉर्च्युनर, पालखी महामार्गात रस्त्याकडेची पट्टी गेली तिचा मोबदला बँकेत; पण माणूस राहतो वहीत. आप्पा हे तसं कुणा एकाचं नाव नाही. बारामतीहून इंदापूरला निघालात, तर लासुर्ण्यात एक, अंथुर्ण्यात दोन, असे वस्ती-वस्तीवर आप्पा भेटतील. शेळगावचे मला जवळून ठाऊक, कारण त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून आहे आणि तो दरसाल वीतभर आमच्याकडे सरकतो.

कायदा आप्पांना तोंडपाठ. ऊस कारखान्यात गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव) खात्यावर आली पाहिजे, नाहीतर 15 टक्के व्याज. ऊस नियंत्रण आदेश, 1966. कारखान्याच्या वार्षिक सभेत माइक हाती आला की कीर्तनकारानं प्रमाण द्यावं तसं हे कलम ते देतात. "आम्ही भीक मागत न्हाय, घामाचं मागतोय!" मंडप टाळ्यांनी दणाणतो. मीही टाळ्या वाजवल्यात. खोटं काय त्यात? बिलं रखडतातच. फक्त आप्पांच्या उसात खुरपणाऱ्या बायका बाजारादिवशी पैशाला आल्या की आप्पा म्हणतात, "सुट्टं न्हाईत गं. फुडल्या बाजारी बघू." 14 दिवसांचा नियम त्यांच्या बांधापाशी येऊन बसकण मारतो. व्याजाचा तर विषयच नाही.

चहाचंही वहीसारखंच, रकाने ठरलेले. पाहुण्याला कपबशी. गड्याला गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला स्टीलचा पेला. ऊसतोडणीच्या टोळीला किटली, पेले त्यांचे त्यांनी आणायचे. कारखान्याचा चिटबॉय मात्र पंचवीस वर्षांचं पोरगं असूनही कपबशीतला. त्याला "या साहेब" आणि वर फरसाण. कारण तोडीची चिठ्ठी त्याच्या हातात असते.

गेल्या जानेवारीत आप्पांच्या चार एकर आडसालीला तुरे आले. तुरा आला की ऊस आतून पोकळ होत जातो, वजन घटतं आणि आप्पांची झोपही. चिटबॉयला तीन वेळा फरसाण चारल्यावर टोळी आली. आठ कोयते. आमच्याकडे कोयता म्हटलं की हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. हिशेबात दोघं मिळून एक. ही माणसं पाथर्डी, शिरूर कासारकडची. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत कोपीत राहून तोडायचं, अंग तापलं म्हणून पडून राहिलं तर खाडा. जानेवारी 2024 च्या करारात दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 चे 366 झाले. जोडीनं पहाटेपासून राबून दिवसात दोन टन ऊस तोडला, साळला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरला, तर 732 रुपये. दोघांत.

टोळीनं फड बघितला. ऊस लोळलेला. उभ्या उसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दीडपट लागणार, आणि दर तोच. मुकादम नेमका कुठं तरी गेला होता (मुकादम अशा वेळी नेमके कुठं तरी गेलेले असतात), म्हणून एक चाळिशीची बाई पुढं झाली.

"मालक, एकरी पाच हजार खुशाली पडंल."

"खुशाली म्हंजी खूश होऊन दिल्यालं. मी खूश दिसतोय का? बघ माझ्या तोंडाकडं."

बाईनं खरंच बघितलं. मान तिरकी करून, नीट.

"न्हाई दिसत. पर पैशे दिल्यावर व्हताल की."

आप्पा खूश होऊन पैसे देतच नाहीत असं नाही. चौफुल्याला लावणीची बारी बघायला गेले की पाचशेच्या नोटा सोडतात. तिथं वही नेत नाहीत.

पण न्यायानं सांगायचं तर वहीत आप्पांचं काही चुकत नव्हतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना उसाच्या बिलातूनच कापून घेतो. एकदा मोजलेलं पुन्हा का मोजायचं? साखर आयुक्तालयाचं परिपत्रकही त्यांच्याच बाजूनं आहे: टोळीनं जादा पैसे मागितले तर कारखान्याकडे लेखी तक्रार करा, चौकशी होऊन मुकादमाच्या बिलातून वसुली होईल. आप्पांनी त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली आहे. अर्ज आजवर एकदाही केला नाही. अर्ज केला की टोळी शेजारच्या फडात जाते आणि तुरा आपला वाढतच राहतो. त्याआधीच्या साली त्यांनी चिडून हार्वेस्टर लावलं होतं. यंत्र खुशाली मागत नाही. यंत्रावरचा माणूस मागतो, वर मटणही मागतो. शिवाय पाचटाची वजावट झाली ती वेगळीच. ते पान आप्पांनी वहीतून फाडलंय.

तेव्हा आप्पा बांधावर बसले आणि बाईला आपली कर्मकहाणी सांगू लागले. खताचं पोतं कितीला पडतं, कालव्याची पाळी कशी लांबते, कारखान्यानं शेवटचा हप्ता कसा दाबून ठेवलाय, चेअरमन कसा फोन उचलत नाही. बाई कोयत्याला कानस मारत ऐकत होती. शेवटी धार बोटावर बघत म्हणाली, "मंग कारखान्यानं बुडवल्यालं आमच्याकून वसूल करता व्हय, मालक?"

आप्पांनी वही उघडली. काही न लिहिता मिटली.

मला उगाच आषाढ आठवला. तुकोबांची पालखी अंथुर्ण्याकडून शेळगावावरून निमगाव केतकीकडे जाते, तेव्हा आप्पा रस्त्याकडेला पिठलं-भाकरीची पंगत घालतात. बीड-नगरकडच्या बायका तुळस डोक्यावर घेऊन येतात, आप्पा वाकून एकेकीच्या पाया पडतात, "माउली, अजून अर्धी घ्या" म्हणून आग्रह करतात. त्या दिवशी किती भाकरी गेल्या ते वहीत लिहायचं नाही, असा घरात दंडक आहे. हीच बाई त्या रांगेत असती तर कपबशीच मिळाली असती. महिना चुकला तिचा.

सौदा एकरी साडेतीन हजारांवर तुटला. वाढ्यांवरून, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवरून, मात्र आणखी अर्धा तास गेला. वाढं आप्पांच्या म्हशींना की टोळीला? शेवटी एक दिवसाआड वाटणी ठरली. ट्रॅक्टरवाल्यानं खेपेला तीनशे घेतले. त्याच्याशी आप्पा भांडले नाहीत, तो गावचाच आणि त्याच्या घरात चार मतं.

रात्री आप्पा वही घेऊन आमच्याकडे आले, मला साक्षीची सही करायला लावली. नोंद होती: "खुशाली (सक्तीची), चार एकर, 14,000 रोख." मी सही केली. त्याच पानावर वर लिहिलं होतं: "खुरपणी, सहा बायका, बाकी 2,400." त्यापुढं बाजाराच्या तीन तारखा, तिन्ही खोडलेल्या.