आधी चिप, मग सुई

आमच्या दोन घरांमध्ये बांबूचं कुंपण आहे आणि त्यावर वालाचा वेल चढलाय. त्यामुळे काकू आधी ऐकू येतात, मग दिसतात. परवा सकाळी मी अंगणात पाणी शिंपडत होते तर पलीकडून आवाज आला, "हलू नको रे बाप्पा! सरळ उभा राय!"

"काकू, काय करून राहिल्या वो?"

"माप घेऊन राहिली. या, टेप धरा जरा, वहिनी."

वेल बाजूला सारून पाहते तर मोत्या उभा, आणि काकूंची ब्लाउज शिवायची टेप त्याच्या पाठीवर.

"शेपूट मोजायचं नाही का?"

"नाही वो. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत. त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मे मिळवायचे, तेवढी पेटी लांब. रुंदी खांद्याच्या दुप्पट. आन् उभा राह्यला तं कान छताले लागले नाही पाहिजेत. आयाटाचा नियम आहे, साऱ्या विमानवाल्यांचा."

"पण पेटी तर तुम्ही पोळ्याच्या आधीच आणली होती ना?"

काकूंनी हनुवटीनं पडवीकडे खूण केली. निळ्या पेटीत त्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती. दार उघडं, पाण्याची वाटी जाळीला टांगलेली. अगदी परदेशी थाट!

सारी भानगड त्या पेटीतच आहे. मोत्या रोवणीच्या दिवसांतला. काकूंची लेक जर्मनीतून, फ्रँकफर्टहून सुट्टीत आली, पिल्लू तिच्या चपलेत झोपलं, आणि "मले हाच पाहिजे" म्हणून बसली. जाताना पेटी मागवून गेली, पिल्लाच्या मापाची. पेटी आली, तिकीट काढलं की झालं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

"मीच घाई केली," काकू म्हणाल्या. "28 सप्टेंबरले रेबीज दिनाचं शिबिर होतं. फुकट सुई, तीन महिन्यांचं पिल्लू, नेलं आन् टोचून आणलं. दिवाळीत लेक फोनवर विचारते, 'आई, चिप बसवली होती का आधी?' मी म्हटलं, कसची चिप?"

तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेच्या कातडीखाली घालतात. पंधरा आकडी नंबर, कुत्र्याचं आधार कार्डच म्हणा. ती आधी, निदान त्याच दिवशी, बसलेली नसेल तर युरोपच्या हिशेबी सुई टोचलीच नाही. म्हणून पुन्हा सुरुवात. आधी चिप, मग सुई, मग तीस दिवस थांबून रक्त. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातं, प्रतिपिंडं निदान 0.5 भरावी लागतात. आणि रक्त काढल्यापासून आणखी तीन महिने थांबायचं. पहिली सुईच बारा आठवड्यांनंतर. म्हणजे काही न चुकता केलं तरी पिल्लू सात महिन्यांचं होतं.

"म्हणजे पिल्लू म्हणून कोणी जातच नाही!"

"आपल्या इकडून नाही जात. अमेरिकेचंही 1 ऑगस्ट 2024 पासून सहा महिन्यांखाली बंदच. ऑस्ट्रेलिया तं आपल्या इथून सरळ घेतच नाही, आधी दुसऱ्या कोन्या मान्य देशात सहा महिने ठेवा म्हणते."

मला राहवेना. "पण काकू, 2023 च्या तुर्कस्तानच्या भूकंपात आपले एनडीआरएफचे कुत्रे, रोमियो-ज्युली, कसे दोन दिवसांत पोहोचले?"

"ते सरकारी नोकर वो! वायुसेनेच्या विमानात गेले. मोत्याची फाइल कोन करते? मलेच करा लागते."

मी झोपेच्या गोळीचं विचारलं. काकूंनी कानाला हात लावला. गुंगीत श्वास आणि रक्तदाब बिघडतो, पेटी हलली की तोल सांभाळता येत नाही. विमानवाले घेतच नाहीत. त्यापेक्षा पेटीची सवय लावायची. मोठी पेटी आली की त्यात काकूंचं जुनं लुगडं, आणि मोत्या रोज रात्री तिथंच. चपट्या नाकाचा पग असता तर उकाड्यात दम कोंडायची भीती. हा गावठी, नाक लांब.

"आन् नेणार कसे?"

"वरठीहून विदर्भ एक्सप्रेस. फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्या लागते, तेव्हाच सोबत बसू देतात. मुंबईले क्वारंटाइनवाल्यांचं प्रमाणपत्र, ते दहाच दिवस चालते. मंग विमान."

"तुम्ही जाणार मुंबईपर्यंत?"

"दोघी जाऊ. लेक पाडव्याले येऊन राहिली ना! मालकाच्या अन् कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तिले याच लागते."

"एजंट काही नाही का करत?"

काकू टेप बोटाला गुंडाळू लागल्या. बराच वेळ गुंडाळत राहिल्या. "करते. पैसे जास्त घेते, व्यापारी मालाचे कागद करते, कार्गोनं पाठवते. मालकानं आलं नाही तरी चालते म्हणे."

"मग?"

"मंग काय वो," काकू वालाच्या शेंगा तोडत म्हणाल्या, "लेकीले मी पाच दिवसांचा नियम तेवढा सांगितला."