लेखी द्या!

भेंडी कोवळी आहे असं भाजीवाल्या मावशींनी सांगितलं, की आपण एखादी मोडून बघतो आणि पिशवी पुढे करतो. नाना मोडून बघतात, पिशवी पुढे करतात आणि वर म्हणतात, "लेखी द्या." मावशी आता सरावल्या आहेत. "मला लिवता आलं असतं तर भेंडी इकत बसले असते व्हय?" असं म्हणून त्या मूठभर भेंडी जास्तीची टाकतात. नाना याला तडजोड म्हणतात.

हा माणूस तुम्हाला माहीत आहे. तुमच्या सोसायटीत त्याला अप्पा म्हणत असतील, भाऊ म्हणत असतील. तो लिफ्टमध्ये असला की सेक्रेटरी जिन्याने जातात. त्याच्या कपाटात जुन्या मिक्सरचं बिल असतं. मिक्सर कधीच भंगारात गेलेला असतो. हल्ली दुकानातल्या पावतीवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात म्हणून तो त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढतो, आणि झेरॉक्सवाल्याकडून झेरॉक्सची पावती घेतो.

डॉक्टर म्हणाले, "आठवड्यात बरं वाटेल." नाना म्हणाले, "लेखी द्या." डॉक्टरांनी औषधांच्या कागदाकडे बोट दाखवलं. "हे अर्धंच लेखी झालं," नाना म्हणाले. "गोळ्या लिहिल्यात, बरं वाटेल ते कुठे लिहिलंय?" सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजींनी प्रसाद टाळल्याने कोणाचं काय झालं ते सांगितलं, तेव्हा नानांनी तोंड उघडलं होतं, पण काकूंनी वेळीच त्यात शिरा घातला. काकूंचा सूड मात्र शांतपणे चालतो. एकदा नाना जेवायला बसले, तर ताटाखाली चिठ्ठी: 'आमटीत मीठ कमी आहे. मला ठाऊक आहे. चर्चा नको.' खाली सही आणि तारीख. नानांनी ती फाईलला लावली.

तर अशा माणसाच्या मोटारसायकलचं इंजिन वॉरंटीत असताना जाम झालं. कंपनीच्या पत्रिकेत त्या दिवशी कोणते ग्रह होते कोण जाणे.

आम्ही वाईला निघालो होतो, ढोल्या गणपतीच्या दर्शनाला. नुकतीच अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग झाली होती. पहाटे पार्किंगमध्ये नानांनी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, डिपस्टिक पुसली, बुडवली, बाहेर काढली आणि वहीत लिहिलं: 'ऑइल वरच्या खुणेवर.' मग वही माझ्यापुढे धरली. "साक्षीदार म्हणून सही कर." पहाटे साडेपाचला, अर्धवट झोपेत, इंजिनाच्या तेलाला साक्षीदार राहणारा मी जगातला पहिलाच इसम असेन. मनात काय आलं ते इथे लेखी देत नाही.

खंबाटकीचा घाट चढताना आवाज बदलला. आधी वरून कटकट, मग गाडीची ओढ गेली, आणि एका वळणाआधी मागचं चाक जागच्या जागी थांबलं. नानांनी क्लच दाबला म्हणून आम्ही घसरत घसरत कडेला लागलो, नाहीतर ढोल्या गणपतीऐवजी थेट वरच्याच गणपतीचं दर्शन झालं असतं. मी छातीवर हात ठेवून उभा. नाना म्हणाले, "फोटो काढ. किलोमीटरचा आकडा आला पाहिजे. आता खालून काढ. बोल्ट दिसतोय? त्याच्याभोवती तेल दिसतंय? तेही घे."

एक ट्रकवाला थांबला. चांगला माणूस. "काका, पाणी मारा इंजिनावर. थंड झालं की किक मारा, सुटतंय बघा."

"तापलेल्या इंजिनावर पाणी? लेखी देता?"

ट्रकवाला निघून गेला. पण त्याचं दुसरं वाक्य खरं होतं. तेल संपलं की पिस्टन आणि सिलिंडरमधला तेलाचा पडदा जातो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो लोखंडी बोअरपेक्षा जास्त फुगतो आणि आतच आवळून बसतो. थंड झाला की आकसतो, आणि कधी कधी इंजिन पुन्हा फिरायलाही लागतं. मी तेच सुचवलं. नाना म्हणाले, "आणि आपण चालवत नेली, की ते म्हणणार, तुम्हीच चालवून खराब केली. किकला हात लावायचा नाही. सॉरी, पाय." मग छोटा हत्ती ठरला. त्या टेम्पोवाल्याला भाड्याची पावती लिहायला लावली तेव्हा त्याच्याकडे कागद नव्हता. नानांकडे होता. कार्बनसुद्धा होता.

सर्व्हिस सेंटरला एसी होता, मशीनची कॉफी होती आणि काउंटरवर टाय लावलेला एक गोड मुलगा होता. "सर, टेन्शन घेऊ नका. आपलीच गाडी आहे." नाना म्हणाले, "लेखी द्या."

लढाई जॉबकार्डवर सुरू झाली. मुलाने तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'इंजिनात आवाज.' नानांनी ते खोडायला लावलं. "आवाज माझ्या इंजिनात आहे की तुमच्या कागदावर? लिहा: चालू गाडीत इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं." मुलगा म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही." "मग हाताने लिहा." या एका ओळीवर इतका वेळ गेला की मागच्या रांगेतल्या लोकांना कॉफीचे दोन-दोन कप मिळाले. मला तेव्हा तो हट्ट वाटला. पण उद्या कोणी विचारलं, गाडी कशासाठी आणली होती, तर जॉबकार्डवर जे आहे तेच घडलं होतं. 'आवाज' असेल तर आवाज. आवाज दुरुस्त करून मिळतो. इंजिन बदलून मिळत नाही.

इंजिन उघडलं. बोअरवर उभे ओरखडे, पिस्टनची एक बाजू खरवडलेली. मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, ऑइल नव्हतं. ऑइल तपासणं कस्टमरची जबाबदारी असते. वॉरंटीत बसणार नाही."

नानांनी फाईल उघडली. फ्री सर्व्हिसची सगळी कुपनं, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर. तेलाची ग्रेड लिहिलेली सगळी बिलं. सर्व्हिसिंगची पावती, तिच्यावर 'ऑइल बदलले'. आणि ती वही, साक्षीदाराच्या झोपाळू सहीसकट.

"हे तर तुम्हीच लिहिलंय, सर."

"मग तुम्ही लिहा. 'तेल ग्राहकाच्या दोषामुळे गेले.' खाली नाव, हुद्दा, सही, शिक्का. लेखी द्या, मी गाडी उचलतो."

मुलगा मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाले, निर्णय कंपनीचा असतो. कंपनी फोनवर म्हणाली, रिपोर्ट डीलरकडून यायला हवा. ते चार शब्द लिहायला कोणीच पुढे येईना. मग सुरू झालं ते सगळ्यांच्या ओळखीचं. 'मेल टाकलाय.' 'एरिया मॅनेजर टूरवर आहेत.' 'पार्ट ऑर्डर केलाय.' 'आज संध्याकाळपर्यंत फोन करतो.' ही सगळी वाक्यं फोनवरच बोलली जातात, कारण फोनवर बोललेलं हवेत विरतं. नाना ते विरू देत नाहीत. फोन ठेवला की ते पत्र लिहायला बसतात: 'आपण आज दूरध्वनीवर कळवल्याप्रमाणे...' आणि स्पीड पोस्टाने पाठवतात. म्हणजे समोरच्याने लेखी दिलं नाही, तर नाना त्याच्या वतीने लेखी देतात. समोरच्याने उत्तर दिलं नाही, तर तेही फाईलला लागतं. पोस्टातली क्लार्क आता त्यांना बघून आपणहून पत्ता टाइप करायला घेते.

मग एक दिवस औदार्य आलं. पार्टमध्ये पन्नास टक्के सूट, मजुरी ग्राहकाची, 'गुडविल' म्हणून. मी म्हटलं, "नाना, घ्या की. बरंच आहे." नाना चिडले. "गुडविल म्हणजे उपकार. आज त्यांची मर्जी होती म्हणून दिलं, उद्या नसेल. मला मर्जी नको, माझं आहे ते हवंय." बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदासुद्धा नव्हता, तो आला १९८६ साली. नव्या कायद्याने आता ग्राहकाला आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं नाना मला जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा स्मशानात सांगून चुकले आहेत.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे व्यक्तिचित्र अपेक्षेपेक्षा जास्त प्रेमाने लिहावं लागतंय, ती. एका दुपारी आम्ही सर्व्हिस सेंटरच्या मागच्या बाजूला उभे होतो. एक मेकॅनिक हात पुसत आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "काका, ड्रेन बोल्टला वॉशरच नव्हता. बसवायचा राहिला. बोल्ट ढिला होऊन घाटात तेल गेलं सगळं. मी सांगितलं म्हणू नका."

मी नानांकडे पाहिलं. ज्या एका वाक्यासाठी त्यांनी स्पीड पोस्टाचं उत्पन्न वाढवलं होतं, ते वाक्य समोर उभं होतं, ग्रीसने माखलेलं. आता ते दोन शब्द येणार म्हणून मी तयार झालो. नाना म्हणाले, "जेवलास का?"

परतताना मी विचारलं, "नाना, त्याच्याकडून लेखी का नाही घेतलंत?" त्यांनी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने आपणहून बोलले. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांची सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. हातात मायक्रोमीटर, टेबलावर हिरवे आणि लाल टॅग. त्यांची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे. "सही कोणाची घ्यायची हे कळायला लागतं रे," ते म्हणाले. "ज्याची सही झाली की त्याचीच नोकरी जाते, त्याची नाही घ्यायची. ज्याचं काही जात नाही, त्याची घ्यायची." मग म्हणाले, "आता माझी सही कोणालाच लागत नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला लागायची, तर तिथेही आता चेहरा स्कॅन करतात."

शेवटी आयोगात जाण्याआधीची नोटीस गेली, आणि एरिया मॅनेजर अचानक टूरवरून परतले. सिलिंडर, पिस्टन, रिंगा, सगळं वॉरंटीत बदलून मिळालं. जॉबकार्डवर कारण लिहिलं होतं: 'ग्राहक समाधानासाठी.' गाडी धुऊन, पुसून, दारात उभी. नाना घेईनात. "इंजिन का गेलं ते लेखी द्या, मग नेतो." काकूंचा फोन आला. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण नानांनी लगेच किल्ली घेतली. ती सूचना तोंडीच होती, आणि तरीही पाळली गेली.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण सर्व्हिस सेंटरच्या बाकावर घरोघरी जेवण पोहोचवणारा एक मुलगा बसायचा. त्याचंही इंजिन गेलेलं. वॉरंटी 'इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी असते. नानांच्या गाडीची वर्षं आधी संपतात, कारण नाना वाईच्या पुढे जात नाहीत. या मुलाचे किलोमीटर आधी संपतात. पाच वर्षं किंवा साठ हजार किलोमीटर धरा. रोज सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्याची पाच वर्षं दीड वर्षात उरकतात. जो गाडीवर पोट भरतो, त्याची वॉरंटी सगळ्यात आधी मरते. याचे थोडे किलोमीटर अजून शिल्लक होते, तर त्याला सांगितलं, 'गाडी धंद्यासाठी वापरलीत.' नानांनी कायद्यातलं स्पष्टीकरण काढून दाखवलं: स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापरली तर माणूस ग्राहकच राहतो. पुस्तिकेत काहीही छापोत, दाद मागायचा हक्क जात नाही.

मुलगा म्हणाला, "काका, हक्क आहे, पण टाइम कुठाय? इथे बसलो की त्या दिवसाचे पैसे गेले."

खरा मुद्दा त्या मुलाने सांगितला. कंपनीचा बचाव पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांत नसतोच. तो त्या बाकावर असतो. तिथे दिवसेंदिवस बसणं ज्याला परवडतं त्याचं इंजिन बदलून मिळतं, बाकीचे पन्नास टक्क्यांचा उपकार घेऊन निघून जातात. हिशोब साधा आहे आणि तो सगळ्या काउंटरवर पाठ असतो.

त्यांच्या हिशोबात नाना नव्हते. नानांकडे वेळच वेळ आहे, आणि आता तो त्यांनी उसना द्यायला सुरुवात केली आहे. "मी बसतो तुझ्या जागी, तू जा," ते त्या मुलाला म्हणाले. मुलगा खुशीत म्हणाला, "बसा की काका." नाना म्हणाले, "असं नाही. अधिकारपत्र लेखी दे." सध्या त्यांच्याकडे अशी बरीच अधिकारपत्रं जमली आहेत. कोणाचा फ्रिज, कोणाचा गीझर, एका आजीबाईंचं कानाचं यंत्र. सकाळी डबा घेऊन निघतात, पूर्वी भोसरीला निघायचे तसे, आणि कुठल्या ना कुठल्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसतात.

हे असंच चाललं, तर वॉरंटीच्या पुस्तिकेची पुढची आवृत्ती कशी असेल हे मला स्पष्ट दिसतंय. अनधिकृत मेकॅनिकने हात लावल्यास वॉरंटी रद्द, बनावट पार्ट वापरल्यास रद्द, शर्यतीत भाग घेतल्यास रद्द. आणि त्याखाली, त्याच बारीक अक्षरांत: निवृत्त व्यक्तीने प्रकरण हाती घेतल्यास रद्द.