श्री. वृक्षकर, मुक्काम घरपट्टीचं बिल

श्री. वृक्षकर यांस,
शिक्षणकर आणि रोजगार हमी कराच्या शेजारी.



गेल्या महिन्यात घरपट्टीच्या बिलात आपली भेट झाली. त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा निंब गेला. आजारी नव्हता, विजेच्या तारांनाही अडत नव्हता. वाढदिवसाच्या फलकावर भाऊंचा चेहरा त्याच्या फांद्यांमुळे अर्धाच दिसायचा, एवढाच त्याचा गुन्हा. सकाळी सातला करवत लागली आणि नऊला रस्त्यावर नुसता भुसा उरला. झाड तोडण्याआधी त्या झाडावरच नोटीस लावावी, असं कायदा म्हणतो. लावलीही असेल, बुंधाच ट्रॅक्टरमध्ये गेल्यावर ती वाचायची कुठं? (शहर जळगाव की धुळे, ते लिहीत नाही. दोन्हीकडच्या वाचकांना आपलंच वाटेल. तेवढ्या बाबतीत दोघांची एकी आहे.)

आणि त्या दिवशी संध्याकाळी मी तुमची वकिली करत होतो! कॉलनीच्या बैठकीत घरपट्टी थकवायची भाषा चालली होती. मी उठून म्हटलं, बाकी काही म्हणा, वृक्षकराला नावं ठेवू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं पालिकांना हा कर बसवायचा अधिकार दिला, तोही करपात्र मूल्याच्या फार तर एक टक्का. ४५ अंशांत भाजणाऱ्या गावात सावली याहून स्वस्त कुठं मिळते? वर अमेरिकेचा दाखलाही दिला : कोलोराडोतल्या बोल्डर शहरानं १९६७ साली मतदान करून स्वतःवर जादा विक्रीकर लावून घेतला, भोवतालची मोकळी जमीन विकत घेऊन राखायला. सभा गप्प झाली. मग मागच्या खुर्चीवरून नाना म्हणाले, ‘पैसा देतस ना भो, पन झाड कोठे शे?’

सभा हसत सुटली. माझी वकिली तिथंच संपली.

लोकांना झाडापानाचं काही पडलेलं नाही, असं साहेब लोक म्हणतात. साफ खोटं आहे. पांझरा नदीकाठी पाणीवाटपाची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकरी धान्यात मोजत. पाटातला गाळ काढायलाही तेच उतरत. त्यासाठी कुणी जनजागृतीची फेरी काढली नव्हती. बंधाऱ्याचं पाणी आपल्या फडात शिरताना डोळ्यांनी दिसायचं, म्हणून पायली सुटायची. त्याच शेतकऱ्याचा नातू आज शहरात बिल हातात घेऊन तुमच्याकडे संशयानं बघतो, कारण तुम्ही कुठं जाता ते त्याला दिसत नाही.

वृक्षगणनेचं बोलत नाही. ती दर पाच वर्षांनी करायची असते. मोजायला झाडं उरली पाहिजेत. पर्यावरण दिनाचंही बोलत नाही. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं. खड्डा तरी जगला म्हणायचं.

पण एक विचारतो, आणि आता ‘श्री.’ बाजूला ठेवून विचारतो. त्याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं सांगितलं, तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी झाडं लावा. आमचा निंब चाळिशीच्या पुढचा होता. कुठं आहेत ती चाळीस रोपं? कोण पाणी घालतंय त्यांना? आम्ही मुदत चुकवली की शास्ती लागते. करवत चालवणाऱ्याला कोणती लागली? भर मेमध्ये त्या निंबाखाली भाजीवाली बसायची, तिनं आता कुठं बसायचं? फलकावरच्या चेहऱ्याखाली?

असो. रागावू नका, तुमचा तरी काय दोष? पन्नाशी ओलांडलीत तुम्ही. त्याच दुरुस्तीनं पन्नास वर्षांचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, म्हणजे तुम्हीही वारसाच. झाडांच्या नावानं गोळा होता आणि पुढं डांबरात जाता की गटारीत, हे तुम्हालाही कुणी सांगत नसेल. लग्नाला बोलावलेल्या पण पंगतीत पान न मांडलेल्या मामासारखी तुमची गत.

एवढं करा. पुढच्या वेळी येताना बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब छापून आणा : आमच्या वॉर्डात किती जमलात, किती रोपांची जाळी आणि टँकर झालात, आणि त्यातली किती रोपं पुढच्या जूनला हिरवी होती. मग मी दारोदार फिरून तुमच्यासाठी दीडपट दर मागतो. कायद्यात बसत नसेल तर कायदा बदला म्हणून आमदारांच्या दारात बसतो. पहिली सही नानांची आणतो, हा शब्द.

आपला,
मुदतीत घरपट्टी भरणारा

ता. क. : वाचकहो, घरपट्टी थकवू नका, थकवली की हिशेब मागायचं तोंड राहत नाही. भरा, पावती घ्या, आणि त्याच खेपेला माहितीच्या अधिकारात आपल्या वॉर्डाच्या वृक्षकराचा जमाखर्च मागा. अर्जाला दहा रुपये लागतात.